कोणाचं हाड

धान्य तरंगतं आणि हाड बुडतं. माझ्या नोकरीचं सार विचाराल तर एवढंच आहे. शाहूपुरीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी जनावरांचं खाद्य तपासते. पेंड, मक्याचा भरडा, कोंबडीखाद्य आणि अलीकडं कुत्र्यामांजरांसाठी येतं ते पाकीटबंद खाद्य. नमुना कुटायचा, चाळायचा, एका जड द्रवात टाकायचा आणि थांबायचं. पीठ, कोंडा, टरफलं वर येतात. खनिज, माती, हाड खाली बसतं. ते तळाचं वाळवून मायक्रोस्कोपखाली धरलं की कोण कशात काय मिसळतंय ते दिसतं. पोतं खोटं बोलेल, तळ बोलणार नाही, असं मी नव्यानं येणाऱ्या मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आता सांगत नाही. तळ खोटं बोलत नसला तरी तो अर्धंच बोलतो, आणि उरलेलं अर्धं माणसाचा पिच्छा सोडत नाही.

मंगळवार पेठेत आमच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर अक्का राहतात. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. यजमान, म्हणजे आमचे काका, बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षा-दोन वर्षांत गेले. मुलगा पुण्याला. घरात मागं राहिलं ते काकांचं कुत्रं. तांबूस, एक कान पडलेला, अस्सल गावठी. काकांनी ते पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा अक्कांनी घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे. काका गेल्यावर मात्र त्याला कुणी ‘कुत्रं’ म्हटलेलं त्यांना चालेना. ‘लेकरू’ म्हणायच्या.

लेकराला घरचे सगळे नियम लागू होते. पाणी गाळलेलं. जेवण दिवस मावळायच्या आत. कांदा-लसूण नाही, अंडं तर लांबच राहिलं. जिन्यात भेटलं की माणसं चेष्टा करायची, “अक्का, हे पुढच्या जन्मी थेट मोक्षालाच जातंय बघा.”

“जाऊ दे की. तुमच्या आधीच जाईल,” अक्का म्हणायच्या.

पण लेकराला दूध-भाकरी काही जायची नाही. वास घ्यायचं, अक्कांकडं बघायचं आणि उगाच दोन घास खाल्ल्यासारखं करायचं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसायला लागल्या. अशात अक्कांना बाजारात एक पोतं दिसलं. हिरवंगार. वर हिरवा ठिपका, खाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के शाकाहारी’. त्याच्या खाली ‘पशुवैद्यांची पसंती’, ‘मजबूत हाडांसाठी’, आणि गाजराच्या वाफ्यात बसून हसणारं एक गुबगुबीत कुत्रं. अक्कांनी ते चष्मा लावून, बोट फिरवत, दुकानातच उभ्या राहून पूर्ण वाचलं. आमचं कोल्हापूर तसं संशयी गाव. दूध घ्यायचं तर कट्ट्यावर जायचं, म्हैस समोर उभी पाहिजे, धार डोळ्यांदेखत काढली पाहिजे, मग तोंडाला लावायचं. त्याच गावात बारीक छापलेल्या अक्षरावर मात्र माणूस मुकाट विश्वास ठेवतो. अक्षर म्हणजे कुणीतरी जबाबदार माणसानं लिहिलेलं असणार, असं त्या पिढीला वाटतंच.

लेकरू त्या गोळ्यांवर तुटून पडलं. ताट चाटून चाटून जागेवरून सरकवायचं. अंग धरलं, केसांना चमक आली, जिना धडाधड चढायला लागलं. अक्का मला दारात अडवून कौतुक सांगायच्या. “बघितलंस? जीव न मारता पोट भरतंय, हे त्यालाबी कळलंय.” मला बरं वाटायचं. काका गेल्यापासून त्या बाईच्या तोंडावर हसू असं नव्हतंच.

माशी शिंकली ती बस्तीत. जैन मंदिराला आमच्याकडं बस्ती म्हणतात. तिथं कुणीतरी बाई बोलून गेली, की कुत्रं इतकं मिटक्या मारत खातंय म्हणजे आत काहीतरी असणार. अक्का तरातरा माझ्याकडं वर आल्या, मुठीत रुमालात बांधलेल्या गोळ्या.

“हे घे. तुझ्या त्या काचंखाली धर आणि मला छापील कागद दे. त्या बाईच्या हातात देते आणि म्हणते, वाच.”

“अक्का, कशाला त्यांच्या नादाला लागताय?”

“नादाला न्हाय. माझ्या हातानं रोज घालते मी त्याला. मला खात्री पायजे.”

रुमाल हातात घेताना माझ्या मनात पाल चुकचुकली, हे आता वाटतं की तेव्हाच वाटलं होतं, सांगता येत नाही. इतकी वर्षं पोती बघून एवढं कळतं, की ‘शंभर टक्के’ असं ओरडून सांगणाऱ्याच्या घशाशी काहीतरी अडकलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो नमुना लावला. वर पिठाचा जाड थर आला. तळाशी पांढरट, पिवळसर कण बसले. खनिजाचे खडे असतील म्हणून मी ते भिंगाखाली धरले. खडे नव्हते, हाड होतं. हाडाच्या कणात बारीक बारीक काळी छिद्रं दिसतात. जनावर जिवंत असताना त्या हाडाच्या पेशी राहत होत्या ती ही घरं. जनावर जातं, हाड शिजतं, दळलं जातं, पण ही रिकामी घरं तशीच राहतात. माशाची निमुळती असतात, पक्ष्याची वेगळी, जमिनीवरच्या चार पायांच्या जनावराची गोलसर. ही गोलसर होती. एक कण नाही, अनेक. मी दुसरा नमुना लावला, तिसरा लावला. घरं तीच.

अक्कांना गोड बोलून गुंडाळावं असं एकदाही मनात आलं नाही. माझा स्वभावच तसा, पोटात ठेवता येत नाही. संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहिले आणि सरळ सांगितलं, “अक्का, हाड आहे त्यात. ते पोतं बंद करा.”

त्या रागावतील, रडतील, कंपनीच्या सात पिढ्या काढतील, या सगळ्याची माझी तयारी होती. त्यांनी यातलं काही केलं नाही. आधी स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. मग मला विचारलं, “कुणाचं?”

“म्हणजे?”

“हाड म्हणालीस न्हवं? कुणाचं हाय?”

“ते सांगता येत नाही. चार पायाच्या जनावराचं आहे एवढं नक्की.”

“गाय? म्हस? शेळी?”

“नाही कळत अक्का. इतकं बारीक दळल्यावर माझ्या काचेखाली नाही कळत.”

त्यांच्या पायाशी लेकरू शेपूट हलवत ताटाची वाट बघत होतं. अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या आणि फार हळू म्हणाल्या, “कुत्रं बी असंल का गं?”

मला ‘नाही’ म्हणता आलं नाही. तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्या घरात राहायला आला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी कंपनीला पत्र लिहिलं, फोन केले, ओरडले. एक तरुण अधिकारी आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं आणि भेट म्हणून नवं कोरं हिरवं पोतं. ते त्यानं अक्कांच्या दिवाणखान्यात टेबलावर ठेवलं.

“आजी, गैरसमज झालाय,” तो म्हणाला. “आम्ही मांस वापरतच नाही. आत खनिज मिश्रण असतं, कॅल्शियमसाठी. त्यात थोडी हाडाची पावडर असू शकते. पण हाड म्हणजे काही मांस नव्हे.”

“मग शाकाहारी कसं छापलंत?” मी विचारलं.

“मॅडम, घटकांमध्ये ‘खनिज मिश्रण’ लिहिलंय की आम्ही. लपवलं कुठं? आणि कॅल्शियमला कुठली आलीय जात?”

“कॅल्शियमला नसंल बाबा,” अक्का म्हणाल्या. “ज्याचं हुतं त्याला जीव हुता. कुठलं जनावर ते तेवढं सांग. मला दुसरं काय नको.”

तो गांगरला. कोल्हापूरच्या म्हातारीकडून शिव्या खायच्या तयारीनं आला असणार. हा प्रश्न त्याच्या कुठल्याही प्रशिक्षणात बसणारा नव्हता. “आजी, ते आम्हालाही माहीत नसतं. मिश्रण आम्ही विकत घेतो,” असं म्हणून तो चहा अर्धा टाकून उठला. जाताना ते पोतं मी त्याच्या गाडीत परत ठेवलं.

मिश्रण बनवणाऱ्याला मी फोन लावला. तो म्हणाला, पावडर बाहेरच्या राज्यातून येते. तिथल्या व्यापाऱ्याचा नंबर मिळवला. तो हिंदीत हसला. सगळीकडचा माल एकत्र येतो, एकत्र उकळतो, एकत्र दळतो, त्यात कुणाचं काय हे देवाला ठाऊक, असं म्हणाला. म्हणजे ते एक जनावरही नव्हतं. कळप होता, आणि त्या कळपाला कुणी बघितलेलंच नव्हतं.

तक्रारीचंही तसंच. एका कार्यालयात सांगितलं, आम्ही माणसाच्या खाण्याचं बघतो. दुसऱ्यात सांगितलं, दुभत्या जनावरांचं असतं तर काही करता आलं असतं. तिसऱ्यानं पोतं उलटसुलट करून तपासलं आणि सगळं व्यवस्थित आहे म्हणाला. वजन बरोबर, किंमत छापलेली, पत्ता खरा, तारीख ताजी. माणसं वाईट नव्हती, एकानं तर मला बसवून पाणी दिलं. फक्त कुत्र्याच्या ताटात काय पडतं आणि त्यावर काय छापलं जातं, हे नेमकं कुणाच्या टेबलावर येतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मला सर्वांत जास्त चीड कशाची आली सांगू? खोटं छापायची गरजच नव्हती. या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात ‘हाडांसकट’ असं छापलं असतं तर पोती कमी पडली असती. अक्कांनी फक्त ते उचललं नसतं, आणि त्यांचं घर त्यांच्या मनात जसं होतं तसंच राहिलं असतं.

पुढं कधीतरी बाजारात नवी पोती आली. ‘शंभर टक्के शाकाहारी’ गेलं होतं. त्या जागी त्याच हिरव्या रंगात ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आलं होतं. माझ्या सगळ्या आरडाओरड्याचं फळ ते एवढंच.

इकडं लेकराचे हाल सुरू झाले. अक्कांनी दूध-भाकरी, मुगाची खिचडी, पनीर, शेंगदाण्याचं कूट घातलेली नाचणी, सगळं करून बघितलं. ते पोतं ज्या कपाटात असायचं त्याच्याकडं तोंड करून लेकरू पडून राहायचं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याची जातच मांस खाणारी, थोडं चालवून घ्या.  घरी आल्यावर अक्का मला म्हणाल्या, “त्याचा काय दोष न्हाय गं. त्याला वास आला, त्यानं खाल्लं. मलाच आला न्हाय.”

आणि मी? मी शेतकऱ्याची पोर, गारगोटीजवळच्या गावातली. आमच्या गोठ्यात बिननावाचं जनावर नव्हतं. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, शिंगं रंगवताना वडील प्रत्येकाला नावानं हाक मारून पुढं घ्यायचे. म्हातारा बैल मेला तर बांधाच्या कडेला खड्डा काढून, मीठ घालून, हळदकुंकू वाहून पुरायचे, आणि त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटायची. आम्ही मटण खाणारे, मी काही साधू नाही. पण बोकड कुणाचा, कुठला, हे आम्हाला माहीत असायचं. ते भिंगाखालचं जनावर मात्र मला कुणीच वाटेना, आणि म्हणूनच ते सगळीकडं दिसायला लागलं. कामावर जाताना रस्त्यात बसलेल्या गाईच्या ढोपराचं हाड कातडीखालून वर आलेलं दिसायचं आणि वाटायचं, तू होतीस का? भाजी निवडताना जिन्यात खुरांचा आवाज यायचा. दार उघडून बघितलं तर कुणी नसायचं, खालून अक्का लेकराला खा-खा म्हणून विनवत असायच्या. स्वप्नात एक जनावर यायचं. पाय चार, ते मला पक्कं ठाऊक असायचं. पण तोंडाच्या जागी काही नसायचं, नुसती ती बारीक काळी घरं, आणि प्रत्येक घर रिकामं. ते मारायला यायचं नाही. समोर उभं राहून वाट बघायचं.  सुताराला जसं लाकूड तसं मला हाड, आणि तीच मी हाड बघून घाबरायला लागले, हे कुणाला सांगणार?

भाद्रपदात अक्कांचं दशलक्षण पर्व, जैनांचे उपास-जपाचे दहा दिवस, सुरू झालं. बाहेर गणपतीचे ढोल, आत अक्का दिवसाला एकदा जेवून जपाला बसलेल्या. बस्तीत मुनी महाराज चातुर्मासाला होते, त्यांना विचारून आल्या होत्या. “नकळत घडलंय, प्रायश्चित्त हाय म्हणाले. सांगितला तेवढा जप केला,” त्या मला म्हणाल्या. “पर मन निवंना. क्षमा मागायची म्हंजे समोर कोण तरी पायजे की. कुणाम्होरं हात जोडू?”

पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. त्या दिवशी ही माणसं घरोघर जातात, लहान-थोर न बघता हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतात. अक्का दरवर्षी माझ्याकडं यायच्या. मी म्हणायचे, तुम्ही कसली क्षमा मागताय, क्षमा तर मी मागायची, पायऱ्यांवर कचरा सांडते म्हणून. दोघी हसायचो आणि चहा व्हायचा.

यंदा विसर्जन मिरवणुकीचे आवाज अजून कानात घुमत होते. सकाळची वेळ. बेल वाजली. दारात अक्का, पांढऱ्या लुगड्यात, बोटाएवढ्या झालेल्या. मागं लेकरू, तेही तसंच, कातडं आणि हाडं. अक्कांनी हात जोडले. नेहमीचं बोलल्या. मीही हात जोडले आणि आत या म्हणाले.

त्या आत आल्या नाहीत. हात तसेच जोडलेले.

“अजून एक हाय,” त्या म्हणाल्या. “त्या जनावराला कुणीच बघितलं न्हाय. कापणाऱ्यानं बघितलं असंल तर तो कुठं हाय ठाव न्हाय. कंपनीला ठाव न्हाय. मी रोज हातात धरलं, पर मला दिसलं न्हाय. तू बघितलंस. त्याला शेवटचं बघितलेलं माणूस तूच.”

“अक्का, मी नुसता कण बघितला…”

“त्याचं घर बघितलंस म्हणालीस न्हवं? तेवढं पुरे. मी तुझ्याम्होरं हात जोडते. त्याच्या वतीनं तू ऐक.”

आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई माझ्या उंबऱ्यावर खाली बसली, कपाळ फरशीला टेकवलं आणि म्हणाली, “तुझं हाड मी माझ्या लेकराला खाऊ घातलं. मला ठाव नव्हतं. क्षमा कर.”

मी मागं सरकले. खाली वाकून त्यांना उठवायला हात पुढं केला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. लेकरू माझ्याकडं बघत होतं.  आयुष्यभर मी जे डोळ्यांनी दिसतं त्याच्याच खाली सही केली आहे. दिसलं नाही ते लिहायचं नाही, हा एकच धर्म मी पाळला. पण त्या कपाळाकडं बघत मला ‘माहीत नाही’ असं म्हणता येईना.

“केली,” मी म्हणाले. “क्षमा केली अक्का. उठा.”

त्यांचे खांदे सैल पडले. भिंतीचा आधार घेऊन त्या उठल्या, पदरानं डोळे पुसले, लेकराला चुचकारलं आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवसापासून त्यांना झोप लागते, त्या तसं सांगतात आणि मला आशीर्वाद देतात. माझ्या स्वप्नात मात्र ते चार पायांचं, बिनतोंडाचं जनावर अजून येतं आणि तसंच उभं राहतं. त्याच्या वतीनं बोलायला मला त्यानं सांगितलं नव्हतं. त्यानं खरंच क्षमा केली का, हे मला माहीत नाही.